तिसरा नकार

शनिवारची सकाळ म्हणजे माझ्यासाठी दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे केस. गालिच्यावर केस, सोफ्यावर केस आणि ‘कुत्र्यांना पलंगावर घेऊ नये’ अशी पाटी असूनही हटकून पलंगावर केस. आधीचे पाहुणे सकाळच्या बोटीने जातात, नवे दुपारच्या बोटीने येतात. मधल्या वेळात मी, डोलीना मॅकॅफर, गुडघे टेकून ते घर असं लख्ख करते की तिथे कधी कोणी राहिलंच नव्हतं असं वाटावं. मला कुत्र्यांचं वावडं नाही. पण जी कुत्री रेनकोट घालतात त्यांच्याबद्दल फारसा आदरही नाही.

घर आमच्याच ओळीतलं, शेवटचं, माझ्या भिंतीला भिंत लागून. व्हिस्कीच्या भट्टीच्या कामगारांची ही ओळ. कंपनीच्या कागदांवर ‘डिस्टिलरी’ असतं, पण इथे जन्मलेला प्रत्येक माणूस तिला भट्टीच म्हणतो. त्या शेवटच्या घरात डूगल्ड मॅकेकर्न जन्मला, तिथेच त्याने बायको आणली आणि तिथूनच तिला शेवटची पोचवली. त्याचं काम बार्लीच्या फरशीवर. भिजवलेली बार्ली दगडी फरशीवर पसरायची आणि मोड फुटेपर्यंत लाकडी फावड्याने उलटत राहायची, दिवसपाळी असो की रातपाळी. त्या कामाने त्याचा उजवा खांदा जो उतरला तो उतरलाच. मग कधीतरी फरशी बंद झाली, मोड आलेली बार्ली, म्हणजे माल्ट, बोटीतून तयारच यायला लागली आणि कंपनीने ही घरं कामगारांना विकून टाकली. आता डूगल्डच्या दारावर पितळी पाटी आहे: ‘माल्टवाल्याचं घर’. खाली पंजाचं चित्र, आणि त्याखाली ‘पाळीव प्राण्यांचं मनापासून स्वागत’.

ज्या माल्टवाल्याचं घर, तो मात्र धक्क्याजवळच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहतो. तिथे कुत्रा चालत नाही. पिंजऱ्यातला पक्षी चालतो. डूगल्डच्या नेलला पंख नाहीत, म्हणून ती माझ्याकडे असते.

हे असं का झालं ते सांगायचं तर आमच्या बेटाची एक खोड आधी सांगायला हवी. आमच्याकडे काहीही विचारलं की माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो. चहा घेणार? नको नको, आत्ताच झाला. ही झाली रीत. दुसऱ्यांदा विचारलं की, छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास. हा झाला समोरच्याचा मान. तिसऱ्यांदा जे उत्तर येतं ते खरं. हो तर हो, नाही तर नाही, आणि त्यानंतर पुन्हा विचारणं म्हणजे त्या माणसाला खोटं पाडणं. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मुलं आईच्या कडेवर बसून शिकतात. एकदा ग्लासगोहून आलेल्या नव्या डॉक्टरने भर पावसात डूगल्डच्या थोरल्या भावाशेजारी गाडी थांबवली आणि विचारलं, ‘घरी सोडू का?’ तो म्हणाला, ‘नको, जवळच तर आहे.’ डॉक्टर ‘बरं’ म्हणाला आणि निघून गेला. भाऊ चिंब भिजून घरी आला आणि मरेपर्यंत त्या डॉक्टरचं औषध घेतलं नाही. ‘माणुसकी म्हणून नाही त्याच्यात,’ म्हणायचा. आम्ही सगळे मान डोलवायचो.

डूगल्डची एकुलती एक मुलगी इश्बेल. हुशार पोर. शाळा संपली तशी एडिंबरोला गेली, तिथेच नोकरी, तिथेच संसार. ती वाईट मुलगी नाही हे आताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल. मीही ठेवते, पण माझा तो हक्क आहे. तिचं शेंबडं नाक मी पुसलंय.

गेल्या वर्षी डूगल्ड जिन्यावरून पडला. आमच्या घरांचे जिने म्हणजे शिडीचे चुलतभाऊ, आणि झोपायची खोली वर. खुब्याचं हाड गेलं. इश्बेल धावत आली, दवाखाना केला, सगळं केलं. परत जाण्याआधी वसाहतीतली खोली ठरवून गेली. ‘बाबांना विचारलं, मावशी,’ मला म्हणाली. ‘त्यांना चालेल म्हणाले.’ मी तेव्हा काही बोलले नाही. बाप-लेकीच्या मधे मी कोण?

पुढे घर भाड्याने द्यायचं ठरलं आणि सुतार आले, गवंडी आले. पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जाळायची, चूल बुजवली, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जातो. तिथे विजेची शेगडी बसवली, तिच्यात काचेमागे खोट्या ज्वाळा नाचतात. शेजारी टोपलीत पीटच्या वाळक्या विटा रचून ठेवल्या, त्या जाळायच्या नाहीत, बघायच्या. आणि स्वागताच्या परडीत काय, तर कुत्र्यांची बिस्किटं, व्हिस्कीची बोटाएवढी बाटली आणि पीटच्या धुराचा वास येणारी मेणबत्ती. जो वास घालवायला मी जन्मभर पडदे धूत आले, तो आता मेणबत्तीत भरून मिळतो. डूगल्डचं लाकडी फावडं सोफ्याच्या वर भिंतीवर टांगलं. उलटं टांगलं, दांडा खाली, पातं वर. पाहुणे त्याच्याखाली बसून फोटो काढतात.

नेलला यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की दार आपलं आहे आणि ते उघडत नाही. ती दिवस उजाडला की माझ्याकडून निसटायची आणि जाऊन त्या दारात बसायची. पाहुण्यांना वाटायचं, भटकी कुत्री आहे. बिस्किटं टाकायचे. ती बिस्किटाकडे बघायचीसुद्धा नाही, दाराच्या फटीकडे बघत बसायची. मी गळ्यात दोरी बांधून तिला ओढत आणायचे आणि तिला शिव्या द्यायचे, कारण शिव्या दिल्या नसत्या तर मला रडू आलं असतं. अख्खा हिवाळा असा गेला, उन्हाळा आला आणि एके दिवशी ती गेलीच नाही. माझ्या चुलीपुढे पडून राहिली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

रविवारी चर्च झालं की मी नेलला घेऊन धक्क्यावर जायचे. डूगल्ड काठी टेकत येऊन बाकावर बसलेला असायचा. नेल त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडायची आणि आम्ही दोघं पाहुण्यांची टवाळी करायचो.

‘या आठवड्यात कोण आहे, डॉली?’

‘मँचेस्टरचं कुटुंब. कुत्रा वासराएवढा. तुझ्या खुर्चीत बसतो.’

‘कुत्रा?’

‘कुत्रा. माणसं खाली बसतात.’

‘शहाणी माणसं,’ डूगल्ड म्हणायचा. ‘ती खुर्ची मला कधी सोसलीच नाही.’

मग थोडा वेळ समुद्राकडे बघून म्हणायचा, ‘वायव्येचा वारा सुटला की चिमणी धूर परत टाकते. त्यांना सांगून ठेव हं.’

‘चिमणी बुजवली, डूगल्ड.’

‘हो, हो. विसरलोच.’

तो विसरलेला नसायचा. मलाही ते ठाऊक असायचं.

ऑक्टोबरात रानहंसांचे थवे उतरले आणि पाहुणे आटले. अशाच एका रविवारी डूगल्ड नेलच्या कानामागे खाजवत म्हणाला, ‘पुढचा आठवडा घर रिकामं आहे म्हणतात.’

‘कोण म्हणतं?’

‘असंच. बोटीवरचे लोक.’

‘आहे खरं. इश्बेल येतेय आवराआवरीला.’

‘हं,’ तो म्हणाला. ‘मी आता जिना चढतो हं. वसाहतीतला तो लांब जिना, परवा एका दमात चढलो. तिथल्या देखभालीच्या बाईंनी पाहिलं.’ आणि मग नेलकडे वाकून, ‘रिकामं घर म्हणजे ओल धरतं. कोणीतरी असलेलं बरं.’

आमच्या बेटावर याहून मोठ्याने कोणी काही मागत नाही. मला सगळं समजलं. त्याला एक आठवडा त्याच्या घरात, त्याच्या नेलबरोबर हवा होता. इश्बेलला फोन करून सांगावं असं मनात आलं, पण म्हटलं, पोरगी येतेच आहे, स्वतः विचारेल. बापाला लेकीने विचारण्यात जी गोडी आहे ती माझ्या चोंबडेपणात नाही.

इश्बेल गुरुवारी आली. शनिवारी सकाळी मी किल्ली घेऊन गेले तर ही वर नव्या चादरी घालत होती.

‘चादरी कशाला?’ मी विचारलं. ‘डूगल्डला त्या गुळगुळीत चादरी आवडत नाहीत. माझ्याकडे त्याच्या जुन्या फ्लॅनेलच्या आहेत, आणते.’

‘बाबा नाही येत, मावशी. लंडनचं एक जोडपं येतंय. काल रात्रीच ठरलं, फोनवर. दोन कुत्री आहेत त्यांची.’

‘आणि डूगल्ड?’

‘मी विचारलं ना त्यांना. गेल्या गेल्या विचारलं. बाबा, घर रिकामं आहे, आठवडाभर नेलला घेऊन राहता का? म्हणाले, नको, मी काय करू तिथे एकटा, तू दे कोणाला तरी.’ तिने उशी थोपटली. ‘मला वाईटच वाटलं जरा. म्हटलं असेल बाई, मन उडालं असेल.’

‘किती वेळा विचारलंस?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे किती वेळा विचारलंस, इश्बेल?’

तिच्या हातातली उशी तशीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू तिचं तोंड लहानपणी व्हायचं तसं झालं, कप फोडल्यावर.

‘एकदा,’ ती म्हणाली.

खरं तर मला फार काही बोलायचं होतं. एडिंबरोच्या हवेत काय असतं की माणूस आपल्या आईच्या कडेवर शिकलेलं विसरतो, हे विचारायचं होतं. पण ती स्वतःच पलंगाच्या काठावर बसली.

‘मावशी, ते पडले तेव्हा... मी म्हटलं होतं, खाली पलंग टाकू, सकाळ-संध्याकाळ बाई लावू, इथेच राहा. ते म्हणाले, नको, कशाला एवढा खटाटोप माझ्यासाठी.’

‘मग?’

‘मग मी म्हटलं, बरं.’

खाली रस्त्यावरून भट्टीचा ट्रॅक्टर गेला.

‘मला सुटल्यासारखं झालं होतं, मावशी,’ ती म्हणाली. ‘त्यांनी नको म्हटलं तेव्हा. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. ऑफिस होतं, घरी मुलं होती, आणि त्यांनी नको म्हटलं. मी विसरले नव्हते. मला दुसऱ्यांदा विचारायचंच नव्हतं.’

शिव्या द्यायला तोंड उघडलेलं मी मिटून घेतलं आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. बोट दुपारी लागणार होती. निघालेल्या माणसांना धक्क्यावरून परत पाठवायचं, हे आमच्यात कोणी करत नाही, आणि डूगल्डने तर कधीच करू दिलं नसतं.

लंडनचं जोडपं आलं. बरी माणसं होती, उगाच खोटं कशाला बोलू. बाई गोल चेहऱ्याची, हसरी. कुत्री दोन, आखूड पायांची, पोट जमिनीला घासणारी, आणि दोघांच्या अंगात पिवळे रेनकोट.

रविवारी चर्चनंतर इश्बेल म्हणाली, ‘निदान घरापर्यंत बाबांना एक चक्कर मारून आणू.’ नेलला गाडीत घालून आम्ही वसाहतीत गेलो. डूगल्डने दार उघडलं. चांगला सदरा, दाढी केलेली, बूट पॉलिश केलेले. आणि दारामागे त्याची लहान बॅग. पट्टे आवळलेली, वर नेलची जुनी घोंगडी घडी करून ठेवलेली.

इश्बेलने बॅगेकडे पाहिलं.

‘बाबा, कुठे निघालात?’

‘कुठे नाही गं. आवराआवर चाललीय जरा.’ त्याने पायाने बॅग दाराआड सरकवली. गुरुवारपासून तो माणूस दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला होता. बोटीवरच्यांकडून लंडनवाल्यांचं कळलं असणारच, तरी बॅग सोडली नव्हती.

इश्बेलने विचारलं. ‘बाबा, चला, घराकडे एक फेरी मारू.’

‘नको, तुला परतायची घाई असेल.’

‘चला ना, नेलपण आहे गाडीत.’

‘कशाला उगाच पेट्रोल जाळायचं.’

‘बाबा, येता का?’

‘बरं,’ डूगल्ड म्हणाला, ‘तू एवढं म्हणतेस तर,’ आणि टोपी घेतली. पोरीला तीनदा विचारायला अजून येत होतं, म्हणजे इतकी वर्षं येतच होतं. मला त्याचा आनंद व्हावा की राग यावा ते कळेना.

गाडीत त्याने बजावून सांगितलं. ‘कोणी काही बोलायचं नाही. त्यांनी घर घेतलंय, ती त्यांच्या सुट्टीवर आलीत. मी आपला रस्त्यावरून बघेन.’

आणि तसंच त्याने केलं. फाटकाबाहेर काठीवर हात ठेवून उभा राहिला. छपराकडे बघितलं, पन्हळीकडे बघितलं. ‘पन्हळ तुंबलीय,’ मला म्हणाला. नेल त्याच्या पायाशी उभी होती, अंग थरथरत होतं, पण जागची हलली नाही. तितक्यात दार उघडलं आणि ती लंडनची बाई आपल्या पिवळ्या कुत्र्यांना घेऊन बाहेर आली.

‘काही हवं होतं का?’

‘नाही नाही,’ डूगल्डने टोपी काढली. ‘आम्ही आपले सहज फिरायला.’

‘किती गोड कुत्री! आत येता का? आत्ताच चहा केलाय.’

‘नको, नको,’ डूगल्ड म्हणाला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली होती.

‘बरं तर. मजेत फिरा हं,’ ती हसून म्हणाली. इश्बेलने तोंड उघडलं, पण डूगल्डने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते मिटलं. त्या बाईचा काय दोष? तिने विचारलं, याने नको म्हटलं, आणि तिच्या गावी नको म्हणजे नकोच असतं.

पण नेलला रीतभात शिकवलेली नव्हती. उघडं दार दिसलं आणि ती फाटकाखालून गेली, त्या दोन पिवळ्या कुत्र्यांच्या मधून गेली, बाईच्या पायांना घासून थेट आत गेली.

‘नेल!’ डूगल्डने हाक मारली. मग दातांमधून ती बारीक शीळ घातली. मी ती जन्मभर भिंतीपलीकडून ऐकत आले आहे. त्या शिळेवर नेल डोंगराच्या टोकावरून धावत यायची. आज आली नाही.

‘राहू दे हो,’ बाई म्हणाली, ‘आमच्या कुत्र्यांची काही हरकत नाही. या, बघा तरी, कशी बसलीय!’

आता मात्र त्याला जावं लागलं. उंबऱ्याशी थांबून त्याने कुत्र्यांचे पाय पुसायच्या पंच्याला बूट पुसले, पाहुण्यासारखे, आणि आत गेला. मी आणि इश्बेल मागोमाग. नेल त्या खोट्या ज्वाळांसमोर पडली होती, तिच्या ठरलेल्या जागी, चूल होती तेव्हा पडायची तशी. तिने मान वर करून डूगल्डकडे पाहिलं, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि हनुवटी पंजांवर टेकली. आले एकदाचे हे, असं तिचं म्हणणं होतं.

डूगल्ड उभाच होता. त्याने उलटं टांगलेलं फावडं पाहिलं. त्याची नजर त्याच्यावर थांबली, आणि मला वाटलं, आता हा बोलणार.

‘चल गं,’ तो नेलला म्हणाला. ती उठेना. ‘चल पोरी, ही दुसऱ्यांची जागा आहे.’ मग तो त्या खुब्यावर कसाबसा वाकला, तिच्या गळपट्ट्यात बोटं घातली आणि ओढलं. ती ओरडली नाही, गुरगुरली नाही. फक्त अंग जड करून पडून राहिली, आणि त्याला तिला गुळगुळीत फरशीवरून फरफटत आणावं लागलं, आपल्याच घरातून, आपल्याच दारातून. इश्बेल पुढे झाली तर म्हणाला, ‘तू नको. माझी कुत्री आहे.’

दारात त्याने पुन्हा टोपी काढली. ‘घर छान ठेवलंय तुम्ही,’ त्या बाईला म्हणाला. ‘आभारी आहे.’

गाडीत मागच्या सीटवर तो आणि मी, मधे नेल. इश्बेलने गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली आणि भट्टीच्या भिंतीशी थांबवली. आरशातून तिने बापाकडे पाहिलं.

‘बाबा, ही माणसं शनिवारी जातील. मी पुढचं सगळं रद्द करते. थंडी संपेपर्यंत तुम्ही राहा. नेलला घेऊन.’

‘नको,’ डूगल्ड म्हणाला.

मी हळूच पुढच्या सीटला गुडघा मारला. गरज नव्हती.

‘खाली पलंग टाकते. बाई लावते. मावशी शेजारी आहेतच. बाबा, राहा.’

‘नको गं. तू कशाला एवढं करतेस.’

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. माझ्या मनात फ्लॅनेलच्या चादरी पसरूनसुद्धा झाल्या होत्या. इश्बेल वळून बसली, बापाचा हात धरला, आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, ‘बाबा, घरी याल?’

डूगल्ड नेलच्या पाठीवरून हात फिरवत होता.

‘नाही,’ तो म्हणाला.

तिसऱ्या नकारानंतर विचारता येत नाही. पण इश्बेलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते बघून त्याने स्वतःच सांगितलं. जे आमच्यात कोणी सांगत नाही ते.

‘थंडी संपेपर्यंत, म्हणतेस. मग वसंतात पाहुणे येतील. मला ते कळतं गं. मी मनाला बजावीन की बाबा रे, एवढे दिवस तुझे. पण हिला कोण सांगणार? हिला वाटणार, आलो आपण घरी. अख्खा हिवाळा ती त्या दारात बसत होती, डॉलीने मला सांगितलं नाही तरी मला ठाऊक आहे. आता कुठे सोडलं होतं तिने. आज ओढून आणली. पुन्हा एकदा ओढून आणायची ताकद माझ्यात नाही, इश्बेल.’ मग थोडं थांबून, ‘तेव्हाच राहिलो असतो तर गोष्ट वेगळी.’

त्याने ते रागाने म्हटलं नाही. पन्हळ तुंबलीय म्हणाला होता त्याच आवाजात म्हटलं. इश्बेल स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण तिला पोटाशी धरावं की थोबाडावं हे मला ठरवता येत नव्हतं.

ती सोमवारच्या बोटीने गेली. जाताना सोफ्यावर चढून फावडं सुलटं टांगता येईल का, असं मला विचारलं. मी म्हटलं, टांगते. दारावरची पाटी काढू का, असंही विचारलं. मी म्हटलं, राहू दे, पाटी काढून काय होणार?

आणि मंगळवारी दिवस उजाडला तेव्हा माझ्या चुलीपुढची जागा रिकामी होती. मला शोधायला लागलं नाही. नेल त्या दारात बसली होती, दाराच्या फटीला नाक लावून. लंडनच्या बाईने तिच्यापुढे बिस्किटं मांडली होती. मी दोरी घेऊन गेले आणि तिला ओढत आणलं. बुधवारी पुन्हा तेच, आणि गुरुवारी, आणि शुक्रवारी. या वेळी मी शिव्या दिल्या नाहीत.

रविवारी आम्ही धक्क्यावर गेलो. डूगल्ड बाकावर होता, दाढी वाढलेली. नेल त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडली. पाण्यावर रानहंसांचा कलकलाट चालला होता. आम्ही लंडनवाल्यांच्या कुत्र्यांची थोडी टवाळी केली, पण रंग चढला नाही.

मग त्याने विचारलं, ‘ती पुन्हा दारात जाऊन बसत नाही ना गं?’

‘नाही,’ मी म्हटलं.

त्याने नेलच्या गळपट्ट्याखाली बोट घातलं. तिथे दोरीने केस झिजले होते. त्यावरून त्याने बोट फिरवलं.

‘नक्की ना, डॉली?’

‘छे रे. कशाला जाईल?’

तो माझ्याकडे वळला. त्याचं तोंड किंचित उघडलं, आणि मी मनाशी ठरवलं की आता विचारलं तर खरं सांगायचं. डूगल्डने पुन्हा समुद्राकडे पाहिलं आणि टोपी कपाळावर ओढून घेतली. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.